बेसिक किती?

अगं, काल रात्री साडेअकराला तुझा मेसेज आला तेव्हा मी जागीच होते. दोन्ही ऑफर लेटरचे फोटो तेव्हाच उघडून बघितले, पण उत्तर मुद्दाम दिलं नाही. रात्री पगाराचे आकडे वाचले की त्यातला सगळ्यांत मोठा आकडा तेवढा डोळ्यांत भरतो. सकाळी डबे भरून झाले, घर शांत झालं, मग कागद-पेन घेऊन बसले आणि दोन्ही पत्रं ओळ न् ओळ उतरवून काढली. आता सावकाश सांगते, तूही सावकाश वाच.

तू लिहिलं आहेस, "ताई, पहिली कंपनी ४ लाख ८० हजार देतेय, दुसरी ४ लाख ५६ हजार. वर्षाला सरळ २४ हजारांचा फरक आहे. पहिलीला हो म्हणू ना?"

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. आज हो म्हणू नकोस. आणि का, ते समजून घ्यायला त्या पत्राचं पहिलं पान सोड आणि शेवटचं काढ. बारीक अक्षरातला तो तक्ता तू नीट वाचलेला नाहीस, हे मला तुझ्या प्रश्नावरूनच कळलं. रागावू नकोस. पहिल्या नऊ वर्षांत मीही तो कधी वाचला नव्हता, आणि त्याचं काय झालं ते पुढे सांगणारच आहे.

पहिल्या कंपनीचा तक्ता बघ. सगळ्यांत वर बेसिक, म्हणजे मूळ वेतन, १२,००० रुपये. त्याखाली घरभाडे भत्ता ४,८००. त्याखाली स्पेशल अलाउन्स १६,६८३. तिन्हींची बेरीज ३३,४८३, हा तुझा महिन्याचा ग्रॉस. तू ४ लाख ८० हजारांना बाराने भागून ४० हजार धरले होतेस ना? मग बाकीचे कुठे आहेत, तर खाली उतर. कंपनी तुझ्या पीएफमध्ये महिन्याला १,४४० भरणार, ते यातच धरलेत. ग्रॅच्युइटीसाठी महिन्याला ५७७ धरलेत. मेडिकल विम्याचा हप्ता वर्षाला ६,००० धरलाय. आणि व्हेरिएबल पे म्हणून वर्षाला ४८,०००. एवढं सगळं एकत्र केलं की ४ लाख ८० हजार भरतात. सीटीसी म्हणतात तो हाच आकडा, तू कंपनीला वर्षाला केवढ्याला पडतेस त्याचा. आता ग्रॉसमधून तुझ्या वाट्याचा पीएफ १,४४० गेला, व्यवसाय कर २०० गेला, की खात्यात पडणार ३१,८४३.

आता दुसरी. बेसिक १९,०००. घरभाडे भत्ता ७,६००. इतर भत्ता ८,२०६. ग्रॉस ३४,८०६. कंपनीचा पीएफ २,२८०, ग्रॅच्युइटीचे ९१४. व्हेरिएबल काहीच नाही, विमा वेगळा, तो सीटीसीत मोजलेला नाही. तुझा पीएफ आणि व्यवसाय कर वजा केला की हातात ३२,३२६.

बघितलंस? जी कंपनी तुला २४ हजारांनी कमी वाटत होती, ती दर महिन्याला तुझ्या हातात ४८३ रुपये जास्त ठेवते. शिवाय पीएफ खात्याच्या नावाने तिथे महिन्याला दोघांचे मिळून ४,५६० जातात, पहिलीकडे २,८८०. हा फरक वर्षाला २०,१६० रुपयांचा झाला. कंपनीच्या वाट्यातला काही भाग पेन्शन योजनेत वळतो, तो धरूनच हा हिशोब आहे. पण पैसा तुझ्याच नावाचा, आणि २०२४-२५ या वर्षासाठी त्यावर ८.२५ टक्के व्याज मिळालं आहे.

पीएफमधला हा सगळा फरक कशाने पडला? वरच्या एका ओळीने. १२,००० आणि १९,०००.

आपल्या घरात खरं तर हे आपल्याला शिकवायला नको होतं. आठवतंय, आईच्या शाळेतल्या बाई सुट्टीत घरी यायच्या तेव्हा पगार किती असं कुणी कुणाला विचारायचं नाही. "बेसिक किती झालं?" एवढंच. लग्न ठरवताना सुद्धा सरकारी नोकरीतल्या मुलाचं बेसिक विचारायचे. आईची ती निळ्या पुठ्ठ्याची वही तुला माहीत आहे, देव्हाऱ्याखालच्या खणात असते ती. पुढून दूधवाल्याचा हिशोब आणि मागून उलट्या बाजूने एक यादी. दर वर्षी वेतनवाढ लागली की तारीख आणि नवं बेसिक. दुसरं काही नाही. मी लहान असताना मला वाटायचं, आई एवढा छोटा आकडा का लिहिते, पगार तर जास्त येतो. तिने मला एकदा कणीक मळता मळता सांगितलं होतं, "अगं, वरचं सगळं यावरच निघतं."

आणि तसंच होतं ते. सरकारी नोकरीत महागाई भत्ता हा बेसिकचा टक्का असतो. केंद्राचा तो २०२४ च्या जानेवारीत ५० टक्क्यांवर पोचला होता, म्हणजे बेसिकच्या निम्मी रक्कम नुसती महागाईपोटी. घरभाडे भत्ता बेसिकचा टक्का. सातव्या वेतन आयोगात वार्षिक वेतनवाढ बेसिकच्या ३ टक्के, आणि ती बेसिकमध्येच मिळवली जाते, म्हणून पुढच्या वर्षीचा टक्का वाढलेल्या बेसिकवर बसतो. आई १ नोव्हेंबर २००५ च्या आधी लागलेली, त्यामुळे तिला जुनी पेन्शन आहे. ती पेन्शन शेवटच्या बेसिकच्या निम्मी, वर महागाई. आज ती भाजीवाल्याला पैसे देते ते त्या वहीतल्या शेवटच्या ओळीवरून निघालेले असतात.

खाजगी नोकरीत आपण गेलो आणि हा प्रश्न विचारायचं विसरलो. आपल्या पिढीचा प्रश्न झाला, "पॅकेज किती?"

आता माझं ऐक. हे मी आईला अजून पूर्ण सांगितलेलं नाही.

माझी पहिली नोकरी तुला आठवत असेल, तू शाळेत होतीस. त्या कंपनीत मी नऊ वर्षं काढली. लागले तेव्हा बेसिक ६,००० आणि सगळं मिळून ११ हजार. दर वर्षी वाढ व्हायची, साहेब केबिनमध्ये बोलावून पत्र द्यायचे, मी पेढे आणायचे. सोडताना महिन्याचा पगार ३२ हजारांवर गेला होता. मी खूश होते. तेव्हा आम्ही नाशिकला फ्लॅट बघत होतो, आणि मी मनाशी हिशोब केला होता की ग्रॅच्युइटी म्हणजे वर्षाला अर्धा पगार, नऊ वर्षांचे झाले १ लाख ४४ हजार. ते बुकिंगला घालायचे. तुझ्या भाऊजींना सांगूनही टाकलं होतं.

चेक आला ४९,३२७ रुपयांचा.

मला वाटलं, चूक झाली. अकाउंट्समधल्या बाईंकडे गेले. त्यांनी शांतपणे माझी शेवटची पगार स्लिप काढली, बेसिकच्या ओळीवर बोट ठेवलं आणि कॅल्क्युलेटरवर माझ्यासमोर हिशोब केला. ९,५०० गुणिले १५ गुणिले ९ भागिले २६. कायद्याचं सूत्रच ते आहे. तेव्हा लागू असलेला ग्रॅच्युइटी कायदा १९७२ चा. शेवटचं बेसिक आणि महागाई भत्ता घ्यायचा, त्याला २६ ने भागून एका दिवसाचं वेतन काढायचं, आणि नोकरीच्या प्रत्येक वर्षाला असे पंधरा दिवस द्यायचे. माझ्या स्लिपवर महागाई भत्ता नव्हताच. नऊ वर्षांत पगार जवळजवळ तिपटीवर गेला, पण बेसिक ६,००० वरून ९,५०० एवढंच सरकलं होतं. मी ज्या ज्या वर्षी पेढे वाटले, त्या त्या वर्षीची बहुतेक वाढ स्पेशल अलाउन्सच्या ओळीत जाऊन बसली होती. आणि ती पत्रं माझ्याच कपाटात होती गं. नऊच्या नऊ. प्रत्येकावर माझी सही.

बेसिक निम्मं, म्हणजे १६ हजार असतं, तर तेच सूत्र लावून ८३ हजार झाले असते. पीएफचंही तेच. बेसिक एवढंसं, म्हणून त्यावरचे १२ टक्केही एवढेसे. रजेचे पैसे निघाले तेही तिथे बेसिकवरच. त्या दिवशी रिक्षात बसून घरी येताना मी रडले. पैशासाठी रडले हे कबूल करते, पण त्याहून जास्त हे की नऊ वर्षं दर महिन्याला तो कागद माझ्या हातात येत होता आणि मी फक्त खालची ओळ वाचत होते. फ्लॅट आम्ही दोन वर्षांनी घेतला. आणि मी मुद्दाम पगार विभागातलंच काम शिकून घेतलं. आज माझ्या टेबलावरून ज्यांच्या स्लिपा जातात, त्यातल्या नव्या मुलामुलींना मी पहिल्या महिन्यातच बसवून वरची ओळ दाखवते.

म्हणून तुला म्हणते, त्या १२,००० कडे बघ. मराठीत आपण त्याला मूळ वेतन म्हणतो, आणि मला हा शब्द फार नेमका वाटतो. वरची पालवी दर वर्षी बदलेल, भत्त्यांची नावं बदलतील, मुळाला किती पाणी घातलंय ते बघायचं.

आता व्हेरिएबलचं बोलू, कारण तुझं मन तिथे अडकलं असणार. ४८,००० पूर्ण मिळाले तर पहिली कंपनी पुढे जाते, हे मी नाकारत नाही. वर्षाची रोख मोजली तर तिथे तुला ४२ हजारांनी जास्त मिळतील, इथला पीएफ २० हजारांनी जास्त, म्हणजे तरीही पहिलीच २२ हजारांनी वर. निम्मा मिळाला तर दोघी जवळपास सारख्या, दुसरी किंचित वर. आणि नाहीच मिळाला तर तू तोट्यात. तेव्हा खरा प्रश्न एकच, गेल्या तीन वर्षांत तुझ्या पदावरच्या लोकांना तो प्रत्यक्षात किती मिळाला? हे विचारायचं. त्यांनी "कामगिरीवर अवलंबून आहे" असं सांगितलं तर कुणाच्या कामगिरीवर, तुझ्या की कंपनीच्या, आणि ती कोण ठरवणार, हेही विचारायचं. मार्चअखेर नोकरीत असलेल्यांनाच देतो, अशीही अट पुष्कळ ठिकाणी असते. तुझ्या पत्रात आहे. सातव्या कलमात बघ.

पगार विभागात आल्यावर मी या विषयावर थोडं वाचायला लागले, तेव्हा एक गोष्ट वाचली ती मनातून जात नाही. पहिल्या महायुद्धाच्या काळात मुंबईच्या गिरण्यांना भरघोस नफा झाला. १९१७ पासून मालक कामगारांना पगारावर बोनस द्यायला लागले, पुढे तो वर्षाला एक पगार इतका झाला. परळ-लालबागच्या खोल्यांमधून लोक तो धरून चालायला लागले. गावी पाठवायचे पैसे, सावकाराचे हप्ते, सगळं त्यावर. मग मंदी आली आणि १९२३ चा बोनस द्यायचा नाही असं मालकांनी ठरवलं. १९२४ च्या सुरुवातीला दीड लाखाहून जास्त कामगार संपावर गेले. सरकारने मुख्य न्यायाधीश नॉर्मन मॅक्लाऊड यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. समिती म्हणाली, या बोनसवर कामगारांचा कायद्यानेही हक्क नाही आणि न्यायबुद्धीनेही नाही. उपाशीपोटी काढलेल्या त्या दिवसांनंतर लोक बोनसशिवाय कामावर परतले. दिवाळीचा बोनस कायद्यात यायला १९६५ उजाडलं. आज कायद्याने किमान ८.३३ टक्के आहे, म्हणजे वर्षाचा बारावा भाग, तोच एक पगार.

तुला हे एवढ्यासाठी सांगितलं की जे पैसे मालकाच्या मर्जीवर येतात ते धरून घरभाड्याचा करार करायचा नाही. व्हेरिएबल मिळाला की आनंदाने घ्यायचा, सोन्याची अंगठी कर, आईला काशीला ने. पण महिन्याचं गणित मांडताना तो शून्य धरायचा.

आता थोडं कायद्याचं. कंटाळू नकोस, दोनच गोष्टी आहेत आणि दोन्ही तुझ्या पहिल्या पत्राला लागू पडतात.

२८ फेब्रुवारी २०१९ ला सर्वोच्च न्यायालयाने विवेकानंद विद्यामंदिर या शाळेच्या आणि आणखी काही कंपन्यांच्या प्रकरणांत निकाल दिला. जो भत्ता सरसकट सगळ्यांना दर महिन्याला मिळतो, जो जास्तीच्या कामाशी किंवा खास कामगिरीशी बांधलेला नाही, तो नावाने भत्ता असला तरी पीएफसाठी बेसिकच समजायचा. तुझा १६,६८३ चा स्पेशल अलाउन्स अगदी असाच आहे. पीएफची सक्तीची मर्यादा १५,००० रुपये आहे, २०१४ च्या सप्टेंबरपासून. म्हणजे त्यांनी तुझा पीएफ १२,००० वर काढून १,४४० नाही, निदान १५,००० वर काढून १,८०० कापायला हवा, आणि तेवढेच त्यांनी घालायला हवेत.

दुसरी गोष्ट ताजी आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चारही नव्या कामगार संहिता लागू झाल्या. वेतन म्हणजे काय, याची त्यात सगळीकडे एकच व्याख्या आहे. बेसिक, महागाई भत्ता आणि कामावर राखून ठेवण्यासाठीचा भत्ता. बाकी वगळलेले भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याच्या वर गेले, तर वरचा जो भाग आहे तो वेतनातच मोजायचा. तुझ्या ग्रॉसच्या निम्मे होतात साधारण १६ हजार ७००. म्हणजे ग्रॅच्युइटी काढताना तुझं वेतन त्याच्या खाली धरता येणार नाही, पण पत्रातले ५७७ हे सरळ १२,००० वर काढलेले आहेत. तक्ता जुन्या साच्यातला आहे आणि तो कुणीतरी तसाच चिकटवलाय. हे लबाडीने झालं असेल असं मी म्हणत नाही, पुष्कळदा फाइल उघडून जुनीच कॉपी होते. पण एक लक्षात घे. त्यांनी उद्या तक्ता नियमाप्रमाणे सुधारला आणि सीटीसी तेवढाच ठेवला, तर तुझा जास्तीचा पीएफ आणि कंपनीचा जास्तीचा पीएफ, दोन्ही त्या ४ लाख ८० हजारांतूनच जाणार. हातातले ३१,८४३ आणखी सातशे वीसने, ग्रॅच्युइटी धरली तर थोडे अधिकच खाली येतील. तेव्हा तू ज्या दोन आकड्यांची तुलना करते आहेस, त्यातला एक अजून पक्का झालेलाच नाही.

तुझ्या मैत्रिणीचा करार दोन वर्षांचा आहे म्हणालीस ना? तिला सांग, ठरावीक मुदतीच्या नोकरीवाल्यांना नव्या संहितेत ग्रॅच्युइटीसाठी पाच वर्षं थांबावं लागत नाही, एक वर्ष पुरतं. तिला हे कुणी सांगणार नाही.

एचआरमधली मुलगी तुला म्हणाली की बेसिक कमी ठेवल्याने टॅक्स वाचतो. हे कारण एकेकाळी खरं होतं, आणि जुन्या पद्धतीने कर भरणाऱ्या, भाड्याने राहणाऱ्या मोठ्या पगारवाल्यांना आजही काही प्रमाणात लागू पडतं. बेसिकवर पूर्ण कर लागतो, घरभाडे भत्त्यातला काही भाग सुटतो. पण तुझं काय? नव्या करपद्धतीत २०२५-२६ पासून १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर भरावाच लागत नाही. तुझा पगार त्याच्या निम्माही नाही. जो कर तुला लागतच नाही, तो वाचवण्यासाठी तुझं बेसिक कशाला कापायचं?

सगळंच बेसिकवर चालतं असंही समजू नकोस, नाहीतर उलट्या बाजूने फसशील. आपल्या मामेभावाच्या कारखान्यात ओव्हरटाइम नुसत्या बेसिकच्या दुपटीने काढत होते. तो बिचारा खूश, "ताई, डबल मिळतं." मी त्याची स्लिप मागवली. तेव्हाच्या कारखाना कायद्यात दुप्पट होती ती नेहमीच्या वेतनदराची, आणि त्यात बेसिकबरोबर भत्तेही यायचे, फक्त बोनस आणि खुद्द ओव्हरटाइम यायचा नाही. त्याचे तासाला जवळपास निम्मे पैसे जात होते. चौघांनी मिळून युनियनकडे विचारलं आणि पुढच्या महिन्यापासून सुधारलं. तसंच बाळंतपणाच्या रजेचं. २६ आठवड्यांची रजा २०१७ पासून आहे, आणि त्या काळातला पगार आधीच्या सरासरी रोजच्या वेतनावर काढतात. कुणी नुसतं बेसिक देऊ लागलं तर मान्य करायचं नाही. तुझं लग्न व्हायचंय, पण हे आत्ताच कानावर असू दे.

एक गोष्ट मला तुझ्यापासून लपवायची नाही. बेसिक मोठं असलं की दर महिन्याला कापलं जाणारंही मोठं असतं. दुसऱ्या कंपनीत तुझे २,२८० कापले जातील. पुण्यात खोलीचं भाडं, डबा, बसचा पास, घरी पाठवायचे पैसे, यात २,२८० ही लहान रक्कम नाही. मला माहीत आहे तू मागच्या नोकरीत महिनाअखेर कशी काढायचीस, तू सांगायची नाहीस पण मला कळायचं. ज्या मुलीच्या घरी औषधाला पैसे नाहीत, तिला मी कधी म्हणणार नाही की पीएफ जास्त कापून घे. तिने हातात जास्त येईल ते घ्यावं, आणि त्यात काही चुकीचं नाही. पण तुझ्याबाबतीत दुसऱ्या कंपनीत कापूनसुद्धा हातात जास्तच येतंय. म्हणून मी एवढ्या ठामपणे सांगते आहे.

आता करायचं काय ते सांगते. आज दुपारी पहिल्या कंपनीला मेल लिही. फोन नको, मेलच. लिहिलेलं राहतं. आधी मनापासून आभार मान, ऑफर चांगली आहे आणि मला आनंद झाला असं लिही, कारण तो झालाच आहे. मग विचार की माझं बेसिक एकूण ग्रॉसच्या निदान निम्मं करता येईल का, पीएफ कोणत्या रकमेवर कापणार, व्हेरिएबल गेल्या तीन वर्षांत किती टक्के दिला गेला, आणि दर वर्षीची वाढ बेसिकमध्ये मिळते की भत्त्यात. शेवटचा प्रश्न गाळू नकोस, माझी नऊ वर्षं त्यातच गेली. "माफ करा पण" असं कुठेही लिहायचं नाही. तुझ्या कामाचे पैसे आहेत, त्याबद्दल विचारताना माफी कसली. उत्तर नीट आलं, आकडे सुधारून आले, तर पहिली कंपनीही वाईट नाही. काम तुला तिथलं जास्त आवडलंय हे मला माहीत आहे, आणि त्यालाही किंमत आहे. पण उत्तर गोल गोल आलं तर तेही एक उत्तरच समज.

दुसऱ्या कंपनीला शुक्रवारपर्यंत वेळ मागून घे. बहुतेक देतात.

आणि कुठेही जा, मागच्या नोकरीचा पीएफ काढून घेऊ नकोस. तू म्हणालीस, ४० हजारांच्या आसपास आहेत आणि नवा फोन घ्यायचाय. नको गं. पीएफचा कायमचा नंबर, म्हणजे यूएएन, तोच ठेव, नव्या कंपनीला तोच नंबर दे आणि जुने पैसे नव्या खात्यात वर्ग करून घे. पेन्शनसाठी दहा वर्षांची नोकरी मोजली जाते, त्यात तुझी ती दोन वर्षंही धरली जातील. पेन्शनचेही पैसे काढलेस तर ती पुसली जातात. शिवाय पीएफबरोबर एक विमा आपोआप असतो, जास्तीत जास्त ७ लाखांपर्यंत, त्याचा हप्ता कंपनी भरते. वारसाचं नाव मात्र आपल्याला ऑनलाइन भरावं लागतं. तू भरलेलं नाहीस, मी मागेच विचारलं होतं तेव्हा टाळलंस. आज मेल पाठवून झाला की तेही करून टाक. आईचं नाव घाल, जन्मतारीख आधारवर आहे तीच लिही. तिच्या शाळेच्या दाखल्यावर वेगळी आहे.

मेल लिहून झाला की पाठवायच्या आधी मला दाखव. मी चारपर्यंत ऑफिसात आहे, जेवणाच्या सुट्टीत वाचते आणि लगेच कळवते.